पातं मुठीत किती आत गेलंय?

साताऱ्यात घरात तलवार नसलेली माणसं पुष्कळ भेटतील, तलवारीबद्दल मत नसलेला मात्र भेटायचा नाही. राजधानीचं गाव पडलं. दसऱ्याला जलमंदिरातून भवानी तलवारीची मिरवणूक निघून पोवई नाक्याकडे जाते, तेव्हा रस्त्याच्या कडेला हात जोडणारे जितके असतात तितकेच शेजारच्याला माहिती पुरवणारे असतात. आबा दोन्ही करतात. हात जोडलेले, नजर मुठीवर आणि तोंड चालू: "परज बघ, परज. आताच्या दुकानात असली परज मिळंल का?"

आबा एकच नाहीत. वाईपासून मिरजेपर्यंत कृष्णेकाठच्या प्रत्येक बऱ्या गावात एक आबा असतो. कुठे तो निवृत्त तलाठी असतो, कुठे दूध संघातला माजी सुपरवायझर, कुठे नुसताच जमीनदार. टिकाऊ तलवार घ्यायची हा त्याचा निश्चय असतो आणि घेतलेली नाही हे त्याचं वैशिष्ट्य. आमच्या पेठेतले आबा एस.टी.च्या वर्कशॉपातून निवृत्त झाले. उभी नोकरी बसच्या खालच्या अंगाला, कमानपाटे बदलण्यात गेली. लोखंड कुठं लवतं आणि कुठं मोडतं हे त्यांना हाताने कळतं. निवृत्तीनंतर या विद्येचं करायचं काय, हा प्रश्न निरोप समारंभाच्या संध्याकाळीच सुटला.

सहकाऱ्यांनी वर्गणी काढून फेटा, शाल, श्रीफळ आणि तलवार दिली. आपल्याकडे हल्ली सत्कार म्हटला की तलवार आलीच. सरपंच झाला, तलवार. एमपीएससी पास झाला, तलवार. पतसंस्थेच्या ठेवींनी टप्पा ओलांडला, चेअरमनला तलवार. ती घ्यायची, म्यानातून अर्धी उपसायची, फोटो निघेपर्यंत तशीच धरायची आणि परत आत ढकलायची, एवढंच तिचं आयुष्य. आबांनी घरी येऊन ती पुरती उपसली. उपसली ती उपसली, वर एक वारही केला. मूठ आबांच्या हातात राहिली आणि पातं त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आक्कांच्या, शोकेसमध्ये गेलं.

डिनर सेटचे किती नग वाचले यावर त्या घरात आजही एकमत नाही. आक्का काचा वेचत होत्या तेव्हा आबा मूठ उलटी करून ट्यूबलाइटखाली आत बघत होते. आत पेन्सिलीच्या जाडीचा गज, तोही वेल्डिंगच्या एका टाक्यावर पात्याला धरलेला. टाका निसटला होता. ज्या माणसाने जन्मभर उताणं पडून दुसऱ्यांचे टाके तपासले, त्याला सेवेच्या शेवटच्या दिवशी असला टाका नशिबी यावा! तो गज आबांनी फेकला नाही. सदऱ्याच्या खिशात चष्म्याच्या घराशेजारी तो कायम असतो आणि तलवारीचा विषय निघाला की टेबलावर येतो.

तेव्हापासून ते गिऱ्हाईक झाले. प्रतापगडाच्या पायथ्याची दुकानं झाली, जत्रांमधली झाली, नांदेडला गुरुद्वाराच्या भोवतीचा बाजारही झाला. नांदेडला ते दर्शनाला म्हणूनच गेले होते. आक्का दर्शन घेऊन बाहेर आल्या तेव्हा आबांचं दुकानदर्शन अर्ध्यावर आलं होतं. सगळीकडे संवाद एकच.

"पातं मुठीत किती आत गेलंय?"

"फुल हाय काका, शेवटपर्यंत."

"दाखवा."

"आता कसं दाखवायचं? पॅक हाय."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

इथे दुकानदार आधी तलवारीकडे बघतो, मग आबांकडे, मग दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे. या धंद्यातली खरी अडचण हीच आहे. पात्याची चकाकी दिसते, मुठीवरची वेलबुट्टी दिसते, म्यानाचं मखमल दिसतं. तलवार टिकणार की नाही हे ठरतं मुठीच्या आत, आणि मूठ फोडल्याशिवाय आतलं दिसत नाही. फोडून दाखवायला दुकानदार तयार नसतो आणि बघितल्याशिवाय आबा घेत नाहीत.

दुसरा झगडा पोलादाचा. दुकानदार अभिमानाने सांगतो, "स्टेनलेस आहे काका, आयुष्यात गंजणार नाही." आबा ती तलवार तिथंच खाली ठेवतात. "ताटं करा याची." त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. अडीच फुटांचं पातं कशावर आपटलं तर त्यानं लवून परत सरळ झालं पाहिजे. शोभेच्या तलवारींचं स्टेनलेस घासायला-पुसायला बरं, पण एवढ्या लांबीत ते लवायच्या ऐवजी मोडतं आणि मोडलेला तुकडा कुठं जाईल याची हमी नाही, हे आक्कांना विचारावं. म्हणून घ्यायचं ते कार्बनचं पोलाद. त्याचे आकडे आबांना तोंडपाठ आहेत: १०४५, १०६०, १०९५. शेवटचे दोन आकडे कार्बन सांगतात. ४५ म्हणजे ०.४५ टक्के, ९५ म्हणजे ०.९५. कार्बन कमी तर पातं मऊ, वाकलं की वाकलेलंच राहतं. जास्त तर धार टिकते पण पाणी देणारा कच्चा असला की तडकतं. आबांचा कल १०६० कडे, आणि त्याहून जास्त ईएन-४५ कडे, कारण ते कमानपाट्याचं पोलाद, त्यांच्या हाताखालून गेलेलं. पण ही सगळी पोलादं गंजतात. तेव्हा गंजणारी वस्तू मुद्दाम मागून घेणारं, आणि "गंजत नाही" म्हटल्यावर नाराज होणारं, असं हे गिऱ्हाईक. एका दुकानदाराने त्यांना हात जोडून रसवंतीगृहाचा रस्ता दाखवला.

वजनाचं तर विचारूच नका. माल खपवायला दुकानदार सांगतो की तीन-साडेतीन किलोची आहे, एकदम ओरिजिनलसारखी. आबा म्हणतात, किलोभराची दाखव. आपल्या गावात निम्म्या लोकांची समजूत अशी की पूर्वीच्या तलवारी दोन माणसांनी उचलायच्या. जेजुरीचा ४२ किलोचा खंडा दसऱ्याला उचलतात तो ताकद दाखवायला, त्यानं कुणी लढत नाही. हातात धरून दिवसभर चालवायची तलवार साधारण एक ते सव्वा किलोचीच असायची, मग ती मराठ्याची असो नाहीतर युरोपातल्या सरदाराची. आबा ती एका बोटावर तोलून बघतात. मुठीच्या पुढं वीतभराच्या आत तोल आला तर ठीक. तोल टोकाकडे गेला असेल तर म्हणतात, "पहार हाय. खड्डे घ्या हिनं."

संग्रहालयात त्यांना नेऊ नये असं माझं मत आहे. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली, तेव्हा गावाबरोबर आम्हीही रांगेत उभे राहिलो. साताऱ्यात इंग्रजांचा रेसिडेंट होता त्या ग्रँट डफच्या घराण्याकडून ती तिकडे गेली, ही तीच की दुसरी यावर आमच्या पुढचे-मागचे हिरिरीने बोलत होते. आबा गप्प. काचेसमोर आल्यावर ते वाकले आणि इतके वाकले की पहारेकऱ्याने हटकलं. "काय बघताय आजोबा?" आबा म्हणाले, "नख पट्टीला कसं बसवलंय ते." रांग खोळंबली. मागच्या एका बाईंना वाटलं म्हातारबाबांचा ऊर भरून आला. तिथून जुन्या तलवारींच्या दालनात त्यांनी दुसरीच हळहळ व्यक्त केली. जुन्या मुठी असतात लहान, चार बोटं घट्ट बसतील एवढ्याच. पाना फिरवून रुंद झालेला आपला पंजा हवेत धरून आबांनी अंदाज घेतला. "ह्यात आपला हात जाणार न्हाई," ते खिन्नपणे म्हणाले, आणि लगेच स्वतःची समजूत घातली, "पण नवी करताना दोन सूत वाढवता येईल."

आबांची सासुरवाड सांगलीची. आक्कांचे भाऊ मार्केट यार्डात हळदीची अडत चालवतात आणि एका पतसंस्थेत संचालक आहेत. ते आबांना 'दाजी' म्हणतात आणि आबा त्यांना 'पाव्हणं'. तलवार म्हटलं की सातारकराला इतिहास आठवतो आणि सांगलीकर भाव विचारतो, असं विधान मी करणार नाही, कारण मला दोन्हीकडे जेवायला जायचं असतं. पण पाव्हण्यांकडे सत्कारात आलेल्या पाच तलवारी होत्या आणि त्यांतली एकही त्यांनी म्यानातून पुरती काढलेली नव्हती. "काढायची कशाला? फोटोपुरती काढतो की अर्धी."

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं आणि पाव्हण्यांच्या तळमजल्यावर माणूसभर चढलं. फ्रीज गेला, गाद्या गेल्या, सागवानी कपाटाची दारं फुगून उघडेनात. पाणी ओसरल्यावर आबा मदतीला गेले, चार दिवस चिखल उपसला. भिंतीवरच्या पाचही तलवारींच्या म्यानांचं मखमल सडून गळालं होतं. आत पाती लख्ख. वरचं क्रोमचं पॉलिश जसंच्या तसं. पाव्हण्यांनी एक पातं फडक्यानं पुसलं, त्यात स्वतःचा चेहरा बघितला आणि म्हणाले, "दाजी, ह्याला म्हणत्यात टिकाऊ."

आबांना याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. सांगलीचा विषय निघाला की ते महापुराआधीच्या आठवणी सांगतात.

उट्टं काढायची संधी त्यांना एप्रिल २०२५ मध्ये मिळाली. लंडनच्या लिलावात नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने घेतली, ४७ लाख १५ हजारांना. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पाव्हण्यांचा फोन लगेच आला: "सत्तेचाळीस लाख? हळदीच्या भावानं किती पोती झाली बघा." आबा तयारच होते. एक तर रघुजींना 'सेनासाहेब सुभा' हा किताब दिला शाहू महाराजांनी, म्हणजे साताऱ्याच्या गादीनं, तेव्हा तलवार नागपूरची असली तरी मान आमचा. आणि दुसरं, तिचं पातं युरोपातलं, सरळ, एकधारी. मूठ आपल्याकडची, सोन्याच्या नक्षीची. पात्यावर देवनागरीत नाव कोरलंय आणि पुढं शब्द आहे 'फिरंग'. युरोपातून समुद्रमार्गे आलेली असली पाती मराठे हौसेनं घेत आणि त्यांना स्वतःच्या मुठी बसवत. "म्हणजे बघा पाव्हणं, त्या काळातसुद्धा माणसं चौकशी करूनच पातं घेत होती. फोटोसाठी नव्हं."

पाव्हण्यांच्या मुलाची कथा वेगळी. तो पुण्यात कंपनीत आहे आणि इंग्रजी मालिका बघून त्याला सरदारी थाटाची, दोन्ही हातांनी धरायची युरोपी तलवार हवी होती. आबांना विचारल्यावाचून घेतली तर आत्या रागावेल म्हणून तो साताऱ्याला आला. "मामा, ओकशॉट म्हणून एक इंग्रज होता. त्यानं मध्ययुगीन तलवारींचे नंबर पाडलेत, दहापासून बावीसपर्यंत."

"एक ते नऊ कुणाला दिले?"

"सात आधीच दुसऱ्यानं व्हायकिंग लोकांना दिलेले, दोन त्यानं स्वतः वाढवले."

आबांना ही शिस्त आवडली. एस.टी.च्या स्टोअरमध्ये पाट्यांचेही असेच नंबर असायचे. त्यांनी चष्मा लावून मोबाइलवर सगळे नंबर बघितले, अठराव्यापाशी थांबले, पात्याची मधली शीर आणि टोकाकडचा निमुळतेपणा बोटानं मोठा करून पाहिला. मग विचारलं, "ह्या करतं कोण?" भाच्याने सांगितलं, डेहराडूनला कारखाना आहे, विंडलास नावाचा, १९४३ साली लढाईत खुकऱ्या पुरवायला निघाला, आता इंग्रज-अमेरिकनांना त्यांच्याच पूर्वजांच्या तलवारी करून विकतो. आबांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजे तवा त्यांची पाती आपण घेत होतो, आता आपली पाती ते घेत्यात. बरोबर झालं." भाच्याने आशेने विचारलं, "मग घेऊ?" आबा म्हणाले, "पातं मुठीत किती आत गेलंय ते लिहून विचार." भाच्याने विचारलं की नाही माहीत नाही. त्याच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये सध्या गिटार आहे.

पण या सगळ्यात आबांना एक गोष्ट सारखी टोचत होती. आपल्या जुन्या तलवारींचं पातं मुठीत शेवटपर्यंत जातच नसे. पात्याचा मागचा भाग आखूड, तो मुठीच्या पोकळीत घालून गरम लाख ओतायची, लाख थंड झाली की मूठ पक्की. तेवढ्या जोरावर माणसं घोड्यावरून लढली. मग दुकानदाराला कुठल्या तोंडानं विचारायचं? आबांनी यावर तोड काढली: तेव्हा लाख सुटली तर पुन्हा भरून देणारा शिकलगार गल्लीत होता. आता तो शोधला पाहिजे. शोधत शोधत चौकशी मिरजेला पोचली. गाडी माझी, म्हणून मीही.

पुरातून वाचलेल्या पाचांतली एक तलवार नमुन्यादाखल घोंगडीत गुंडाळून डिकीत ठेवली होती. रस्ताभर मला घाम. सातारा-सांगलीच्या पेपरात दर आठवड्याला कुठं ना कुठं तलवारीनं केक कापणाऱ्या वाढदिवसवाल्यावर गुन्हा दाखल झालेला असतो. आबा निर्धास्त होते. "आपण केक कुठं कापतोय?"

मिरजेतली सतारमेकर गल्ली गाण्याच्या माणसांना ठाऊक असते. दारादारात पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे वाळलेले भोपळे टांगलेले, आत तंबोऱ्याचे दांडे, लाकडाचा भुसा आणि चपड्याच्या पॉलिशचा वास. एका दुकानात पन्नाशीतले कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवत बसले होते. एकदा कानस, मग तार छेडायची, मान तिरपी करून ऐकायचं, पुन्हा केसभर कानस. आबा मधे बोलले नाहीत. काम करणाऱ्या माणसाशी मधे बोलत नाहीत, ही वर्कशॉपची रीत. कारागिरांनी कानस ठेवल्यावर म्हणाले, "शिकलगारीचं काम होतं. मूठ लाखेत बसवून पाहिजे."

"ते काम बंद केलं आम्ही."

"कधी?"

"झाली की. १८५० च्या सुमाराला."

आणि गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी स्टूल पुढं सरकवलं आणि सांगितलं, घराणी आमची शिकलगारांचीच, हत्यारांना धार लावणारी. राज्यं गेली, हत्यारं गेली, काम आटलं. त्यांतल्या फरीदसाहेबांनी कुणाचा तरी तंबोरा दुरुस्त करता करता नवा करून बघितला आणि गल्लीनं धंदा बदलला. आता २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. "तुम्ही थोडा उशीर केला," ते म्हणाले.

आबांनी तरी घोंगडी सोडलीच. कारागिरांनी तलवार हातात घेतली, उजेडाकडे धरली नाही, बोटानं धार बघितली नाही. मूठ सैल धरून पातं उभं केलं आणि मधोमध नखानं टिचकी मारली. आवाज आला आणि लगेच मेला. पुन्हा एक टिचकी, या वेळी कान मुठीला लावून.

"बद्द वाजतंय. मूठ सुटी आहे. आत काहीतरी बारकं आहे आणि ते हलतंय."

आबांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. इतकी वर्षं, इतकी दुकानं, आणि मूठ न फोडता आतलं सांगणारा माणूस तंबोऱ्याच्या दुकानात बसला होता. त्यांनी खिशातून तो तुटका गज काढून समोर ठेवला. कारागिरांनी मान डोलावली. मग आबांनी त्यांच्याकडून ती टिचकी शिकून घेतली, म्हणजे जवळजवळ तासभर. चांगलं पातं वाजलं की आवाज लांबतो, मुठीतून हाताला बारीक थरथर येते. खोटं असलं की खुळखुळतं किंवा गप्प बसतं. लाखेचं सूत्रही मिळालं: लाख, तीत चाळलेली विटकरीची पूड, मंद आचेवर, जळू द्यायची नाही. निघताना ते म्हणाले, "लाख आमच्याकडे अजून आहे. पॉलिशला लागते. हवी तर घेऊन जा."

पुढचं काम गावच्या लोहाराचं. हंगाम तोंडावर होता आणि लोहाराच्या दारात ऊसतोडीच्या कोयत्यांची रास. त्यानं आबांचं सगळं ऐकून घेतलं आणि व्यवहाराचं बोलला. "आबा, कोयता करून देतो. ह्याच पाट्याचा. तुमच्या तलवारीपेक्षा दणकट, आणि हवालदार विचारत न्हाई." १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारं येतात, पण घरची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली, तेव्हा लोहाराचं बोलणं फार काही चूक नव्हतं. आबांनी सांगून टाकलं की धार लावायचीच नाही. लोहाराने हात थांबवून विचारलं, "मग करायचं काय तिचं?" आबा म्हणाले, "टिकली पायजे." यावर लोहाराकडेही बोलण्यासारखं काही उरलं नाही.

पाटा आबांनी स्वतः आणला, आणि नवा कोरा. जुना चालत नाही. जुन्या पाट्यानं खंबाटकीचे धक्के खाल्लेले असतात, पोटात बारीक तडे गेलेले असतात, ते भट्टीत दिसत नाहीत आणि वार बसला की उघडे पडतात. लोहार घडत होता तेव्हा आबा भट्टीपासून हलले नाहीत. पाणी द्यायच्या वेळी तर त्यांनी खिशातून लोहचुंबक काढला. तापलेलं पोलाद विशिष्ट आचेला पोचलं की चुंबकाला चिकटेनासं होतं, ती वेळ. लोहार रंगावर सांगत होता, आबा चुंबकावर, आणि दोघांचं एकदमच आलं. पातं तेलाच्या पिपात गेलं, धूर निघाला. मग पुन्हा मंद आचेवर धरून पात्यावरचा रंग पिवळ्यावरून जांभळ्यावर, जांभळ्यावरून निळ्यावर येईपर्यंत थांबायचं, नाहीतर पातं काचेसारखं ठिसूळ राहतं. थंड झाल्यावर आबांनी टोक लाकडी ओंडक्यावर टेकवलं, मधोमध पाय दिला, पातं धनुष्य होईस्तोवर दाबलं आणि पाय काढला. सरळ.

मूठ जुन्या बाजारात मिळाली, पोलादी, कोरी, आतून दोन सूत वाढवून घेतली. लाख आक्कांच्या कढईत वितळली. ती कढई आता परत स्वयंपाकघरात आलेली नाही. लाख भरल्यावर आबांनी वरून आरपार एक रिवेटही ठोकला. मी विचारलं, मिरजेवाल्यांनी तर फक्त लाख सांगितली होती. "लाख परंपरेसाठी," ते म्हणाले, "रिवेट माझ्या झोपेसाठी." आणि टिचकी मारली. आवाज बराच वेळ खोलीत राहिला.

दसऱ्याला आक्कांनी तिला ओलं हळदकुंकू लावलं, झेंडूची पाणी शिंपडलेली माळ घातली. दुसऱ्या दिवशी पात्यावर पाच ठिपके, बोटं मोजता येतील असे. आबा कधी नव्हे ते देवघरासमोर ओरडले. कार्बनच्या पोलादाला ओलावा आणि हळद चालत नाही. आक्का म्हणाल्या, पूजा केली नसती तरी ओरडला असतात. ठिपके बारीक पॉलिश पेपरनं निघाले, आणि तेव्हापासून तलवार म्यानात नाही, कातड्याचं म्यान ओल धरतं म्हणून. मच्छरदाणीच्या कापडात आढ्याला.

तिथं पाव्हण्यांनी ती बघितली. पतसंस्थेच्या नव्या शाखेचं उद्घाटन होतं, पाहुणे मोठे होते, आणि मागवलेली तलवार आली नव्हती. "दाजी, एक दिवसापुरती. फोटो झाला की मी स्वतः आणून देतो." आबांनी नको म्हणायला हवं होतं. पण पाव्हण्यांनी पुढं एक वाक्य टाकलं: "स्टेजवर खरी तलवार जाऊ दे की एकदा." तेवढ्यापुरती म्यानात घालून आबा स्वतः घेऊन गेले. उद्घाटनाला आलेल्या साहेबांनी ती दोन्ही हातांनी घेतली, अर्धी उपसली, फोटो निघाला. टाळ्या झाल्या. भाषण झालं. साहेबांची गाडी गेली आणि तलवारही गेली, कारण सत्कारात दिलेली वस्तू परत मागायची रीत अजून कुणी काढलेली नाही.

पाव्हणे पंधरा दिवस साताऱ्याकडे फिरकले नाहीत. आबांनी मला गाडी काढायला सांगितली तेव्हा मला वाटलं, परत मागायला चाललेत. साहेबांच्या संपर्क कार्यालयात बाहेरची खोली सबंध तलवारींची. तीन भिंती, वरपासून खालपर्यंत, फुल्या करून, कागदी चिठ्ठ्या लोंबत असलेल्या. साहेब दौऱ्यावर. पीए तरुण होता आणि अदबशीर. "आजोबा, तुमची कुठली?"

"बघतो," आबा म्हणाले.

त्यांनी डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. एक टिचकी, कान, पुढची. टिचकी, कान, पुढची. "बद्द." "बद्द." "ही तर खुळखुळतीया." "ही हात लावू नका, पडंल." कामं घेऊन आलेली माणसं बाकावरून उठून मागे उभी राहिली. दुसऱ्या भिंतीच्या मध्यावर आवाज लांबला. आबांनी तळहात पात्यावर ठेवून तो बंद केला आणि पीएला म्हणाले, "ही. हिला महिन्यातनं एकदा तेल लावायचं. म्यानात घालायची न्हाई. आणि बाकीच्या कुणाला उपसू देऊ नका, कार्यालयात माणसं बसत्यात."

"साहेब कुठलीच उपसत नाहीत आजोबा."

"आजचं तेल मी लावतो. मशीन ऑइल हाय का?"

मशीन ऑइल नव्हतं. पीएने आत जाऊन बरीच उलथापालथ केली आणि साहेबांच्या बाथरूममधली खोबरेल तेलाची बाटली आणली. आबांनी चष्मा लावला आणि आधी तिच्यावरची तारीख वाचली.